एक तास पन्नास मिनिटांवरचं शहर

सकाळी सहा वाजता विमानतळाच्या काचेबाहेर काहीच नव्हतं. धावपट्टी नव्हती, विमानं नव्हती, समोरचा दिव्याचा खांबसुद्धा अर्ध्यातच संपला होता. भूगोलाच्या बाईंनी मांडीवरच्या निळ्या खोक्याची पट्टी मनगटाला आणखी एक वेढा देऊन घेतली आणि पडद्यावरची ओळ चौथ्यांदा वाचली. विलंब. पुढील सूचना आठ वाजता.

बाई आता शाळेत नव्हत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण ओळखीचे सगळे त्यांना अजून भूगोलाच्या बाईच म्हणत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण विधवा झाल्यावर दोघी एकत्र राहू लागल्या होत्या, आणि घरात बसून ताईशी भांडण्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून बाईंनी पेशीदात्यांच्या नोंदणी केंद्रात पोचवणीचं काम पत्करलं होतं. काम ऐकायला सोपं. एका शहरात कुणी अनोळखी माणूस आपल्या रक्तातल्या मूळपेशी काढून देतो, दुसऱ्या शहरात त्यांच्यावाचून कुणाचा तरी जीव अडलेला असतो, आणि मधलं अंतर बाईंनी कापायचं. खोका हातातून सोडायचा नाही. एक्स-रेच्या यंत्रातून जाऊ द्यायचा नाही. झाकणावरच्या छोट्या पडद्यावरचं तापमान दर अर्ध्या तासाने वहीत टिपायचं. ते दोन ते आठ अंशांच्या मधेच राहिलं पाहिजे. अशा अकरा खेपा झाल्या होत्या आणि अकराही वेळा त्या वेळेआधी पोचल्या होत्या.

बारावी खेप धुक्यात अडकली.

पेशी काढून झाल्या होत्या बुधवारी दुपारी दोन वाजता. दाता अंगाने किडकिडीत, त्यामुळे पिशवी जेमतेम भरलेली. पलीकडच्या शहरातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्या रोग्याच्या अंगात गेल्या पाहिजेत. त्यानंतर तासागणिक पेशी मरत जातात, आणि इथे मरायला जास्तीच्या पेशी आहेतच कुठे? रोग्याला थांबता येणार नव्हतं. औषधं देऊन तिच्या हाडांतली स्वतःची मज्जा, जिथे रक्त तयार होतं ती, आधीच पुरती नष्ट केलेली होती. जुनं घर पाडून झालं आणि नवं अजून आलंच नाही, अशा उघड्यावर ती पडून होती. ती कोण, कुठली, तिचं वय काय, हे बाईंना माहीत नव्हतं. माहीत असू नये असाच नियम होता.

दोन शहरांमधलं अंतर अकराशे चाळीस किलोमीटर. विमानाने एक तास पन्नास मिनिटं. बुधवारचं संध्याकाळचं विमान रद्द झालं. गुरुवारी पडदा दिवसभर खोटं बोलत राहिला. दहाचं विमान बारावर गेलं, बाराचं तीनवर, तीनचं पाचवर, आणि पाचला रद्द. दुपारी बाराला एकदा बाईंच्या मनात आलं होतं, की सरळ गाडी करावी आणि रस्त्याने निघावं. बावीस तास लागले असते, पण वेळेत पोचल्या असत्या. केंद्राच्या समन्वयक मॅडम फोनवर म्हणाल्या, "बावीस तास हादरे खात जाणार? तीनचं विमान नक्की उडणार म्हणतायत. थांबा, बाई." बाई थांबल्या. संध्याकाळी खोका घेऊन घरी आल्या. ताईने जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलून त्याला जागा करून दिली आणि पाहुणा आल्यासारखी त्याच्यासमोर बसून राहिली. "गारठत असेल गं आत," असंही एकदा म्हणाली.

आता शुक्रवार उजाडला होता. हातात आठ तास होते. रस्त्याचा पर्याय कालच मेला होता.

बाई चौकशीच्या खिडकीपाशी गेल्या. आतल्या कारकुनाचे डोळे दोन दिवसांच्या शिव्या खाऊन लाल झाले होते.

"आठला काय कळणार आहे?"

"उडणार की नाही ते, मॅडम."

"कालही आठलाच कळणार होतं."

"मॅडम, धुकं माझ्या हाताखाली कामाला असतं तर मी त्याला आत्ताच घरी पाठवलं नसतं का?"

बाईंना हसू आलं नाही. त्या परत येऊन बसल्या आणि फोनवर नकाशा उघडला. चौतीस वर्षं त्यांनी फळ्यावर हेच तर काढलं होतं. नदीचं खोरं, दोन्ही बाजूंना उंच जमीन, आणि थंडीत तळाला साचणारी जड हवा. वारा नसला की ही हवा दिवस दिवस हलत नाही. हे शहर खोऱ्याच्या अगदी तळाशी होतं. दोनशे दहा किलोमीटरवर, घाट चढून गेल्यावर, पठारावरचं एक गाव होतं आणि त्या गावाला एक चिमुकला विमानतळ होता.

त्यांनी समन्वयक मॅडमना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"पठारावरून विमान आहे का? आज सकाळी?"

पलीकडे कळफलकाचा आवाज. "आहे. सव्वाअकरा. तिथून एक तास वीस मिनिटं. काउंटर साडेदहाला बंद होतं. पण बाई, तुम्ही साडेदहापर्यंत पोचाल?"

"चार तास आहेत."

"धुक्यात? आणि तुम्ही घाटात असताना इकडचं धुकं उठलं तर?"

"तर मी मूर्ख ठरेन."

मॅडमचा आवाज बारीक झाला. "काल मीच तुम्हाला थांबा म्हणाले."

"ते आता काढू नका. तिकीट काढा."

टॅक्सीच्या रांगेत तीन गाड्या होत्या. पहिल्या दोघांनी घाटाचं नाव ऐकूनच हात जोडले. तिसरा ड्रायव्हर साठीचा, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. त्याने खोक्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं.

"आत काय?"

"कुणाचा तरी जीव आहे, दादा. दोनच्या आत पोचवायचाय."

"गाडी मी चालवेन," तो म्हणाला, "पण वेग धुकंच ठरवणार. मागून घाई घाई करायची नाही."

सहा पंचवीसला ते निघाले. पहिला तास बाईंना जन्मभर विसरता येणार नव्हता. काचेपुढे फक्त पांढरं. ड्रायव्हरने खिडकी उघडली होती आणि अर्धं डोकं बाहेर काढून तो रस्त्याच्या कडेची रेघ बघत होता. समोरून एखादा ट्रक आला तर आधी त्याचा घरघराट यायचा, मग दोन पिवळे डाग, आणि तो अंगावर येतोय असं वाटेपर्यंत बाजूने निघूनही जायचा. बाईंनी वचन पाळलं, घाई केली नाही. फक्त मैलाचे दगड मोजत राहिल्या, आणि तेही दिसले तर. पावणेआठला साठ किलोमीटर झाले होते. तापमान चार पूर्णांक चार.

ह्या वेगाने गेलं तर अकरा वाजून जातील. हे दोघांनाही कळत होतं.

मग रस्ता चढू लागला. एका वळणावर पांढरं जरा पातळ झालं, पुढच्या वळणावर झाडं दिसली, आणि तिसऱ्या वळणावर गाडी अचानक उन्हात आली, पाण्यातून डोकं वर काढावं तशी. खाली सगळं खोरं दुधाने भरल्यासारखं दिसत होतं. ड्रायव्हरने खिडकी वर केली, मफलरने तोंड पुसलं आणि ॲक्सिलेटर दाबला. नऊ वाजता दीडशे किलोमीटर झाले होते.

नऊ दहाला गाड्यांची रांग लागली.

ड्रायव्हर उतरून पुढे जाऊन चौकशी करून आला. "कंटेनर आडवा झालाय. पूर्ण रस्ता अडवून. क्रेन खालून यायचीय, म्हणजे धुक्यातून."

"किती वेळ?"

"दोन तास म्हणतायत. म्हणजे तीन."

मागे फिरून उपयोग नव्हता, पुढे वाट नव्हती. बाईंनी रांगेकडे बघितलं. "कंटेनर किती लांब आहे?"

"दीडएक किलोमीटर."

"आणि कंटेनरच्या पलीकडेही अशीच रांग असेल ना? खाली उतरणाऱ्या गाड्यांची?"

ड्रायव्हरने एकदम त्यांच्याकडे बघितलं. मग गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि दार उघडलं. "चला. द्या तो खोका."

"खोका मला कुणाला देता येत नाही."

"मग मला हात द्या. चढ आहे."

एकसष्ट वर्षांचे गुडघे, सहा किलोचा खोका आणि घाटाचा चढ. ट्रकवाले चाकाला टेकून विड्या ओढत उभे होते, ते बघत राहिले. ड्रायव्हरने बाईंचा दंड धरला होता आणि तो पुढच्या गर्दीला ओरडून सांगत होता, "वाट द्या, दवाखान्याचं आहे, वाट द्या!" एका ठिकाणी कंटेनर आणि कड्याच्या मधे जेमतेम माणूस जाईल इतकी फट होती. तिथून बाई आडव्या होऊन गेल्या, खोका छातीशी घेऊन, पाठ ओल्या दगडाला घासत.

पलीकडच्या पहिल्याच जीपजवळ एक जाडजूड गृहस्थ चहाचा थर्मास उघडत होते. बाईंना धाप लागली होती, शब्द फुटेना. ड्रायव्हरनेच चार वाक्यांत सगळं सांगितलं. गृहस्थांनी थर्मासचं झाकण लावलं.

"मी गुरांचा डॉक्टर. खाली लसी टोचायला निघालो होतो. गाई काही पळून जात नाहीत, बसा." जीप वळवता वळवता ते खोक्याकडे बघून म्हणाले, "अंश किती?"

"चार पूर्णांक सहा."

"उत्तम. माझ्याकडेही असाच एक असतो. त्यातल्या वळूंच्या मालापासून आजवर चारेक हजार वासरं झालीत. तुमचं जरा नाजूक काम दिसतंय."

बाईंनी मागे वळून बघितलं. ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमध उभा होता, हात वर करून. त्याचे पैसेसुद्धा द्यायचे राहिले हे त्यांना दोन वळणं गेल्यावर आठवलं.

नऊ बेचाळीस. त्रेपन्न किलोमीटर. गुरांचा डॉक्टर गाडी अशी हाकत होता, की बाईंनी एका हाताने खोका आणि दुसऱ्या हाताने दांडी धरली होती. तेवढ्यात फोन वाजला. ताई.

"अगं, ऐकलंस का! धुकं उठलं! बातम्यांत दाखवतायत, धावपट्टी लख्ख दिसतेय. दहाला तुझं विमान सोडतायत म्हणे. बसलीस ना आत?"

बाईंची नजर जीपमधल्या घड्याळावर गेली.

"हॅलो? आवाज येतोय का?"

"येतोय. मी नंतर बोलते, ताई."

दहाला निघून एक तास पन्नास मिनिटं. म्हणजे बाराच्या आत पिशवी तिथे असती. आणि त्या इथे होत्या, कुण्या परक्या जीपमध्ये, साडेदहाची वेळ गाठायला धावत. त्यांनी डोळे मिटले. काल थांबायला नको होतं तेव्हा थांबलो, आज थांबायला हवं होतं तेव्हा निघालो. दोन्हीकडून चूक.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही चालवा."

दहा बत्तीसला जीप विमानतळाच्या दारात थांबली. मॅडमनी आधीच फोन करून ठेवला होता, काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पास पुढे केला. उरली फक्त सुरक्षा तपासणी. एक यंत्र, एक सरकता पट्टा आणि एक अधिकारी बाई, इस्त्रीच्या गणवेशात.

"खोका पट्ट्यावर ठेवा."

"ह्याला एक्स-रे चालत नाही. हे पत्र बघा."

अधिकारी बाईंनी पत्र नीट वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. "पत्र बरोबर आहे. पण हे तुमच्या शहराच्या विमानतळाला लिहिलंय. आम्हाला नाही."

"कारण मी तिथून निघणार होते!"

"मला समजतं. पण मी ह्यावर सोडू शकत नाही."

बाईंनी मॅडमना फोन लावला. नवं पत्र लगेच पाठवते, पण सही करणारे डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीत आहेत, मॅडम म्हणाल्या. दहा एकोणचाळीस. अधिकारी बाईंनी आपल्या साहेबांना फोन लावला, तो कुणी उचलेना. दहा चव्वेचाळीस. मागच्या प्रवाशांची चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "घाला की एकदा, काय होतंय?"

बाई त्याच्याकडे वळल्या नाहीत. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरांसाठी राखून ठेवलेला तो शांत आवाज त्यांनी काढला. "मुली, तू मला तपास. पाहिजे तर चपलेचे तळ फाडून बघ. खोका मी उघडते, तू तुझ्या डोळ्यांनी आत बघ, हाताने चाचपून बघ. पण पट्ट्यावर हा जाणार नाही. पेशींना त्या किरणांनी काय होईल ह्याची हमी कुणी देत नाही, आणि ज्या बाईला ह्या द्यायच्यात तिच्या अंगात आता स्वतःचं काही उरलेलं नाही. मी चुकत असेन तर माझ्यावर गुन्हा नोंदव. मी कुठे जात नाही."

अधिकारी बाईंनी घड्याळाकडे बघितलं. फोनकडे बघितलं. तेवढ्यात बाईंच्या मोबाईलवर नवं पत्र येऊन पडलं, ह्या विमानतळाच्या नावाचं, सहीसकट. दहा त्रेपन्न.

"उघडा," अधिकारी बाई म्हणाल्या. "पटकन बघते."

झाकण उघडलं. थंड वाफ वर आली. आत बर्फाच्या पट्ट्यांमध्ये ती पिशवी, फिक्या टोमॅटोच्या रंगाची, तळहाताएवढी. अधिकारी बाईंचा हात एक क्षण तिच्यावर थांबला, मग त्यांनी कडा चाचपल्या आणि स्वतःच झाकण लावलं. "जा. पळा."

तापमान पाच पूर्णांक नऊ झालं होतं. विमान सुटलं तेव्हा ते पाचवर आलं.

पुढचा तासभर करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. बाईंनी खोका पायांत ठेवला आणि दोन्ही घोट्यांनी आवळून धरला. साडेबाराला पोचायचं होतं. बारा वीसला कप्तानाचा आवाज आला: खाली गर्दी आहे, थोडा वेळ घिरट्या घालाव्या लागतील. बाईंनी हवाई सुंदरीला बोलावून सांगितलं. ती पुढे गेली, परत आली. "कप्तानांनी विचारलंय. आपल्याला आधी उतरवतायत." तरी उतरायला बारा एक्कावन्न झाले, आणि गाडीतून रुग्णालयापर्यंत दीड. प्रयोगशाळेच्या खिडकीतून दोन हातमोजे बाहेर आले, बाईंनी पट्टी मनगटावरून सोडवली आणि खोका दिला. पट्टीचा वळ मनगटावर लालभडक उठला होता.

"जिवंत किती आहेत ते मोजावं लागेल," आतून आवाज आला. "मग चढवू."

मोजायला वेळ लागला. खिडकीसमोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, हातात दुमडलेली शाल. ती उठून जवळ आली.

"सुनेसाठी आलंय का हे माझ्या?"

बाईंना काही बोलायची परवानगी नव्हती. कुणाची सून, कुठली सून, त्यांना ठाऊकही नव्हतं.

"सकाळपासून बसलेय," म्हातारी म्हणाली. "नातवंडांना शेजारी ठेवलंय."

बाईंनी तिचा हात धरला. तेवढं नियमात बसत होतं की नाही, त्यांनी विचार केला नाही.

पिशवी रोग्याच्या खाटेशी टांगली गेली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. हे परिचारिकेने बाहेर येऊन सांगितलं. "दहा मिनिटं वर गेली," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघून ती म्हणाली, "अहो, दोनच्या ठोक्याला काही दार लागत नाही. आलेल्यांपैकी बऱ्याच जिवंत आहेत. पुरतील का, ते आता तीन आठवड्यांनी कळेल. आधी पाणी प्या तुम्ही."

रविवारी बाई घरी पोचल्या. ताईला सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे नुसती बसून राहिली असतीस तरी तासभर आधी पोचली असतीस."

"हो."

"मग कशाला एवढी—"

"सहा वाजता मला दहाचं आभाळ दिसत नव्हतं, ताई! मला फक्त सहाचं दिसत होतं." एवढं बोलून बाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. ताईने नंतर तो विषय काढला नाही, पण बाईंच्या डोक्यातून तो जाईना. त्यांनी टॅक्सीच्या रांगेत विचारत विचारत ड्रायव्हरचा नंबर मिळवला आणि त्याचे पैसे पोचते केले. तो फोनवर एवढंच म्हणाला, "पोचलं ना? मग झालं." पोचलं होतं. झालं की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. साधारण सतराव्या-अठराव्या दिवशी पेशी रुजल्याचं कळतं, हे बाईंना मागच्या खेपांवरून माहीत होतं. अठरावा दिवस गेला. विसाव्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन केला. "अजून रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा वर आलेला नाही," मॅडम म्हणाल्या. बाईंनी त्या दिवशी जेवण टाळलं. एका नव्या खेपेसाठी विचारणा आली, ती त्यांनी नाकारली.

चोविसाव्या दिवशी सकाळी त्या जिना झाडत होत्या, तेव्हा फोन आला.

"बाई, बसलायत का?"

"बोला."

"काल थोडा वर आला होता, पण मी म्हटलं, आणखी एक दिवस बघू. आज पुन्हा वर आहे. रुजल्यात पेशी. उशिरा रुजल्या, पण रुजल्या. तिला काचेच्या खोलीतून बाहेर काढणार आहेत."

बाई जिन्यावर बसल्या. झाडू हातातून निसटून खालच्या पायरीवर गेला. त्यांना रडू कोसळलं, इतकं, की आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. ताई धावत दारात आली, ओले हात पदराला पुसत.

"काय झालं? कोण गेलं गं?"

बाईंनी नुसती मान हलवली, कोणी नाही, कोणी नाही. ताई दोन पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी बसली.